20 बाय 30, पूर्वमुखी, दलाल क्षमस्व

अण्णांनी संभाजीनगरातला देवळाईचा प्लॉट विकायला काढला तेव्हा घरात दोन पक्ष पडले. ते म्हणाले, रविवारच्या पेपरात छोटी जाहिरात देऊ. मी म्हणालो, पेपर वाचतंय कोण, वेबसाइटवर टाकू. शेवटी दोन्ही केलं.

शब्दामागे पैसे, म्हणून अण्णांनी बोटांवर मोजून मजकूर लिहिला. ‘देवळाईत 20 बाय 30 प्लॉट विकणे. पूर्वमुखी, 30 फुटी रस्ता, गुंठेवारी भरलेली, बोअर. दलाल क्षमस्व.’ (गुंठेवारी भरलेली म्हणजे बिगरपरवाना पाडलेला प्लॉट पैसे भरून नियमित केलेला.) घेणाऱ्याला जे लागतं ते सगळं त्यात आलं.

मी मोबाइलवर फॉर्म उघडला. क्लब हाऊस आहे का? लिफ्ट किती? सहाशे फुटांच्या मोकळ्या जागेत लिफ्ट! गुंठेवारी की एनए (बिगरशेती), वर्ग 1 की वर्ग 2, म्हणजे जमीन मोकळेपणी विकता येते की सरकारी परवानगी लागते, याला रकानाच नाही. पाण्यालाही नाही. जायकवाडी उशाशी असून संभाजीनगरात नळाची पाळी मोजत दिवस काढावे लागतात. लातुरात तर 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडे माणूस हॉल बघायच्या आधी बोअर विचारतो. फॉर्म करणाऱ्याला हे कोण सांगणार?

रविवारी सकाळी सातलाच फोन वाजला, “मालक, गुंठेवारीची पावती हाय ना?” त्याच आठवड्यात इसार झाला. वेबसाइटवरून जेवढे फोन आले तेवढे एजंटांचे. पेपरातली जाहिरात संध्याकाळी भज्यांच्या पुडीत जाते, विषय संपतो. माझी मात्र अजून ‘उपलब्ध’ दाखवते. काढायला गेलो की ओटीपी येत नाही.

एवढं होऊनही मी वेबच्याच बाजूचा आहे, आणि त्याचं कारण आत्या. खरेदीआधी वकील ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ म्हणून जाहीर नोटीस देतात ना, गट नंबर, चतुःसीमा, पंधरा दिवसांत हरकत घ्या वगैरे, ती आमच्या औशाकडच्या जमिनीची अशा पेपरात आली जो गावात येतच नाही. (ही युक्ती जुनी आहे, सगळ्यांना माहीत आहे.) आत्या हडपसरला. तिला खरेदीखत झाल्यावर कळलं. डिजिटल सहीचा सातबारा आज घरबसल्या निघतो. 1 ऑगस्ट 2023 पासून बिल्डरांच्या जाहिरातीत महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) क्यूआर कोड सक्तीचा झालाय, पण एकट्यादुकट्याच्या रीसेल प्लॉटला किंवा शेताच्या तुकड्याला तो लागू नाही. मग गट नंबर टाकला की त्या जमिनीवर निघालेल्या सगळ्या नोटिसा दिसाव्यात, एवढं का होऊ नये? अर्धा मराठवाडा पोटासाठी पुण्यात आहे, त्यानं हरकत घ्यायची कशी? प्लॉटचे फोटो नंतर चढवा, आधी हे करा.

बाकी, वेबसाइटवर नंबर अण्णांचाच दिलेला. परवा पुन्हा कुणाचा तरी फोन आला. मी ऐकत होतो.

“तो गेला हो,” अण्णा म्हणाले, “पण दोन सोडून तिसरा निघालाय. दाखवू का?”