स्पीड नका दाखवू मला, पॅकेट लॉसचं बोला

इंटरनेट कंपनीला फोन केला की यांचं पाठ केलेलं वाक्य, सर एकदा स्पीड टेस्ट करून बघा. अरे केली ना भो! १०० चा प्लॅन, १०० येतंय, तरी संध्याकाळी ८ वाजले की व्हॅलोरंट या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये समोरून येणारा माणूस मध्येच गायब होतो आणि परत दिसतो तेव्हा आपण मेलेलो असतो, त्याचं काय?

स्पीड टेस्टला काय जातंय आकडा दाखवायला. सर्व्हर बहुतेक जवळचाच, आणि मध्ये पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पडलं, म्हणजे वाटेत हरवलं, तर ते परत पाठवलं जातं म्हणून आकडा भरून निघतो. गेम चालतो यूडीपीवर, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत न पाठवणाऱ्या पद्धतीवर. तिथं पडलं ते गेलंच, परत मागवून करणार काय, तोवर समोरच्यानं गोळी मारलेली असते. म्हणून घरात पिक्चर मस्त चालतो आणि गेमची वाट लागते.

आणि गेमचा सर्व्हर लांब असेल हे तर बोलूच नका. व्हॅलोरंटचा मुंबईत आहे, काउंटर-स्ट्राइकचाही आहे. जळगाव ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. मधले राउटर, वळसे सगळं धरा, पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) २०-२५ समजू शकतो. रात्री २ नंतर येतोच ना तेवढा! मग ८ ते ११ मध्येच दीडशेच्या वर उड्या कशा मारतो? अख्खी कॉलनी एका लाइनीवर लटकवलीय आणि वरून बँडविड्थ वाढवायला यांच्या खिशातून पैसा निघत नाही, दुसरं काय.

मग म्हणे वायफायचा प्रॉब्लेम. नाही ना बाबा, लॅन केबल आहे! राउटरला पिंग लावला (चाचणीची पॅकेटं पाठवली), एकही पॅकेट पडलं नाही, गळती त्याच्या पुढे सुरू होते. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपला टाकले, निळी टिक आली, उत्तर नाही. मग एक पोरगा येतो (त्याच्यावर राग नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत खांबावर त्यालाच चढावं लागतं), लाईट बघतो, राउटर बंद-चालू करतो, डीएनएस बदलून निघून जातो. डीएनएसनं पिंग कसा कमी होईल? तो नावावरून पत्ता शोधून देतो फक्त, मॅच सुरू झाली की त्याचं काम संपलं. काय करून राहिले हे लोक!

सगळ्यात डोकं फिरलं ते सीजीनॅटवरून, म्हणजे एकच नेटवरचा पत्ता अनेक गिऱ्हाईकांत वाटायचा प्रकार. धुळ्याचा मावसभाऊ आणि भुसावळचे मित्र, सगळ्यांसाठी माइनक्राफ्ट गेम माझ्या पीसीवर होस्ट करायचं होतं. पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरच्यांना आत यायला राउटरमध्ये वाट उघडली), फायरवॉलमध्ये परवानगी दिली, तरी कुणाला जोडता येईना. राउटरमध्ये वॅन आयपी (कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) बघितला तर १००.७० नं सुरू होणारा! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून याच कामाला राखून ठेवलाय, एका पब्लिक आयपीमागे (बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या पत्त्यामागे) कंपनी ढीगभर गिऱ्हाईकं कोंबते, मग मी माझ्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचं दार तिच्याच हातात. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते संपलेत, मान्य, पण कनेक्शन देताना तोंड उघडायला काय झालं होतं? आणि मग आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) तरी द्या ना, ते का बंद ठेवलंय? विचारलं तर म्हणे स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा पत्ता) घ्या, त्याचे वेगळे पैसे.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांत लेटन्सी (जाण्यायेण्याचा वेळ) आणि पॅकेट ड्रॉप (पॅकेटांची गळती) दोन्ही धरलेत. तक्रारीत तेच लिहिलं तर मेसेज आला, स्पीड ओके, तक्रार बंद. वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन बसलेत, दुसऱ्या कुणाची केबल आमच्या गल्लीपर्यंत येत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि इकडे मॅच तुटली की रँक जाते, बंदी बसते, टीममधले चौघं आईबापावरून शिव्या घालतात. आता सगळे लॉग जोडून अपिलात जाणार, सोडत नाही.