'दुकान बंद व्हायलंय' म्हणणाऱ्या वाचकाला

भाऊ,

फॅक्ट-चेकिंगवरच्या, म्हणजे फिरणाऱ्या बातम्यांचं खरं-खोटं तपासण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की फेसबुक-व्हॉट्सॲपवाल्या मेटानं हे काम बंद केलं, आता कम्युनिटी नोट्स (पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या खुलाशाच्या टिपा) आणि एआय बघून घेतील, उरलंसुरलं सरकारचं फॅक्ट-चेक युनिट करील, आणि "तुमच्यासारख्या जुन्या पत्रकारांचं दुकान बंद व्हायलंय म्हणून हे रडगाणं." मत वेगळं असू द्या हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? अख्ख्या लेखात माझ्या कमाईबद्दल एक अक्षर तरी आहे का?

लेख लांबला, मान्य. फॅक्ट-चेक करणाऱ्या संस्थांना मेटाच पैसे द्यायची, हेही खरं.

पण दुकान? मी गंगाखेडला तालुका प्रतिनिधी होतो, मानधनाचं विचारूच नका, फोनचं बिलसुद्धा खिशातून जायचं. जायकवाडीचे दरवाजे उघडले की कुणीतरी "धरण फुटलं" म्हणून उठवायचं आणि गोदाकाठची माणसं लेकरं-ढोरं घेऊन अंधारात वर निघायची, मग मी पैठणला पाटबंधारेवाल्यांना फोन लाव, तहसीलला लाव, तिथं कुणी उचलला नाही तर तलाठ्याला गाठ, आणि दोन ठिकाणांहून एकच उत्तर आल्याशिवाय पेपरचा डेस्क बातमी घ्यायचाच नाही. याला तुम्ही दुकान म्हणायलात. त्या फोनच्या बदल्यात आम्हाला कुणी काय दिलं ते तरी सांगा.

आणि मेटानं जानेवारी २०२५ ला जाहीर केलं ते अमेरिकेपुरतं, एवढं तरी बघून लिहायचं. केंद्र सरकारच्या कामाबद्दलची बातमी खोटी ठरवायचा अधिकार सरकारी युनिटला देणारा नियम मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ ला रद्द केलाय. एआयवर तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

राहिल्या नोट्स. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा लोकांना ती नोट पटली तरच ती सगळ्यांना दिसते. गंगाखेडच्या अफवेवर, मराठीत, रात्री अकराला एवढी माणसं आणायची कुठून? बरं, आपल्याकडं अफवा पळते व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. तसल्या मेसेजवर नोट कुणी आणि कुठं लावायची होती, तेवढं सांगा. आणि टोपणनाव काढून, आपलं नाव-गाव टाकून सांगा.