डॉक्टरांनी जेनेरिक लिहिलं तर ब्रँड मी ठरवणार, चालेल?

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर चोवीस वर्षं माझं मेडिकल आहे. डी. फार्म. झालो, वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घातले, ड्रग लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि तेव्हापासून काउंटरच्या आतल्या बाजूने जग बघतोय. मी शक्यतो क्रिकेटवर लिहितो. पण गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज फिरला, 'डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायची सक्ती करा, औषधांचं बिल एकदम खाली येईल.' म्हणजे चिठ्ठीवर कंपनीचा ब्रँड नाही, नुसतं औषधाचं मूळ नाव. खाली टाळ्या आणि हात जोडलेले. एकाने मला टॅग करून लिहिलं, 'आता तुझी दुकानदारी बंद!'

अरे बाबा, बंद कशाची, चांदी होईल माझी. कशी ते सांगतो. आमच्या धंद्यातली काही माणसं रागावतील, रागावू देत.

ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल घ्या. आमच्याकडे फुटाण्यासारखी खपते. माझ्या रॅकवर तिचे दोन डबे आहेत. एक नावाजलेल्या कंपनीचा, जिचा एमआर, म्हणजे औषधं खपवणारा प्रतिनिधी, दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे बॅग घेऊन बसलेला असतो. त्या स्ट्रिपवर मला वीस टक्क्यांच्या आसपास सुटतात. दुसरा डबा आमच्या भाषेत 'जेनेरिक'चा. याला एमआर नाही, जाहिरात नाही, माल थेट स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून. दहा कॅप्सूलची स्ट्रिप मला १३ रुपयांना पडते, वर दहावर दोन फुकट. आणि तिच्यावर छापलेली किंमत ९८ रुपये.

परत वाचा. खरेदी १३, छापील ९८. ही किंमत मी छापलेली नाही, कंपनीनेच छापून पाठवली आहे. कुणासाठी? माझ्यासाठी. मी ती गिऱ्हाइकाला ७० ला देतो, तो खूश होऊन म्हणतो, 'शेठ, तुम्ही माणसं बघून भाव लावता.' माझे ५७ रुपये सुटलेले असतात. महागड्या ब्रँडमध्ये जेमतेम तीस रुपये सुटतात. आता सांगा, चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव असेल आणि निवड माझ्या हातात असेल, तर मी कोणत्या डब्यात हात घालीन?

आज कायद्याने मला डॉक्टरने लिहिलेला ब्रँड स्वतःच्या मनाने बदलायचा अधिकार नाही. (बदलतात सगळेच, 'तीच आहे, कंपनी वेगळी' हे वाक्य महाराष्ट्रात रोज किती वेळा बोललं जात असेल देव जाणे.) नुसतं जेनेरिक नाव लिहिलं की तो अधिकार रीतसर माझ्याकडे आला. आज कंपनी डॉक्टरांची मर्जी राखते, उद्या माझी राखेल. पेशंट होता तिथेच, काउंटरच्या बाहेर, हातात पिशवी घेऊन.

हे एकदा घडता घडता राहिलं आहे. २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनचे नियम आले, डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहायचं, नाही तर कारवाई. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि २३ ऑगस्टला नियम स्थगित झाले. त्या तीन आठवड्यांत जेनेरिकवाल्या तीन नव्या स्टॉकिस्टांची माणसं माझ्या दुकानात कार्ड ठेवून गेली. एरवी ही मंडळी दिवाळीच्या तोंडावर उगवतात.

डॉक्टर तेव्हा म्हणाले, दर्जाची खात्री कोण देणार? लोक हसले, 'कंपन्यांचं कमिशन बुडणार म्हणून ओरडतात.' कमिशन असतंच, मी काही डोळे मिटून दुकान चालवत नाही. पण प्रश्न खरा होता. विचारणाऱ्याचे हात स्वच्छ नव्हते म्हणून तो खोटा ठरत नाही.

आधी किमतीचं बघू. सरकार काहीच करत नाही असं नाही. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी आहे, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यांच्यावर कमाल किंमत लागते. ती २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ठरते. बाजारात निदान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. म्हणजे गोळी बनवायला काय खर्च येतो याच्याशी संबंधच नाही. विकणाऱ्यांच्याच किमतींवरून 'कमाल' ठरते. त्याआधीच्या १९९५ च्या आदेशात किंमत उत्पादन खर्चावर ठरायची. शिवाय ही कमाल किंमत घाऊक महागाईच्या आकड्याला बांधलेली आहे. एप्रिल २०२३ मध्ये एका दमात १२ टक्क्यांची वाढ मिळाली होती, आम्ही नव्या-जुन्या स्टॉकचे दोन ढीग लावत बसलो होतो. आणि यादीबाहेरच्या औषधांना? वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवा, पहिली किंमत काय छापायची ती तुमची तुम्ही ठरवा. माझे ९८ रुपये तिथून येतात.

दुसरी गोष्ट, बिलातली एकच ओळ धरून ठेवली की पैसा शेजारच्या ओळीत जातो. वडिलांना २०१५ मध्ये स्टेंट बसवला, मामांना २०१८ मध्ये. दोन्ही फाइली माझ्या कपाटात आहेत. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, पुढच्या वर्षी आणखी थोडे कमी. चांगला निर्णय होता, आजही म्हणेन. वडिलांच्या बिलात स्टेंटची ओळ लाखाच्या वर होती, मामांच्या बिलात तीस हजारांच्या आत. आणि एकूण बिलात फरक? बावीस हजारांचा. 'प्रोसिजर चार्जेस' फुगले होते, 'कन्झ्युमेबल्स'ची, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तूंची, पानं दोनाची पाच झाली होती. मला त्यातली निम्मी नावं कळत होती म्हणून मी काउंटरवर भांडलो आणि दोन हजार कमी करून घेतले. मामा म्हणाले, 'जाऊ दे, जीव वाचला.' हॉस्पिटलचं बिल आपण याच वाक्यावर भरतो.

२०१८ मध्ये औषध किमतींच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती. काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. छापील किंमत चढी ठेवायचा आग्रह विकत घेणाऱ्या हॉस्पिटलांचाच असतो, कारण त्यांना ती पेशंटला लावायची असते. घाऊक गिऱ्हाईक म्हणतंय, माल स्वस्तात दे पण किंमत जास्त छाप! कांदा-बटाट्यात असं कुणी केलं तर अडते त्याला वेड्यात काढतील.

यावर इलाज कुणाला सुचला नाही असंही नाही, तो करून झालेला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर एक साधा नियम लावला. कंपनीने पहिल्यांदा ज्या भावाला माल विकला, त्यावर पुढच्या सगळ्या साखळीचा मिळून ३० टक्के नफा धरायचा आणि तीच छापील किंमत. स्टॉकिस्ट, हॉस्पिटल, दुकानदार, सगळे त्या तीसात. ३९० ब्रँड स्वस्त झाले, काही ८७ टक्क्यांपर्यंत. म्हणजे शंभरची वस्तू तेराला. कंपन्या बुडाल्या नाहीत, औषधं गायब झाली नाहीत. कोविडमध्ये २०२१ साली ऑक्सिमीटर, बीपी मशीन, ग्लुकोमीटरला असाच ७० टक्क्यांचा नियम लावला. ऑक्सिमीटरचं काय चाललं होतं ते मी बघितलंय. मीही विकलेत, खोटं कशाला बोलू.

मग हा नियम माझ्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलला का नाही? सगळ्या औषधांना का नाही? १३ रुपयांची खरेदी असेल तर मला १६-१७ ला विकू दे की. मोठ्या ब्रँडवर सुटतात तेवढे टक्के त्यातही सुटतील. हो, रुपये कमी सुटतील. आमच्या केमिस्ट असोसिएशनमध्ये हे बोललो तर मला चहा मिळायचा नाही.

आता दर्जा. इथे मला खरंच झोप लागत नाही, कारण पुडीत बांधून देणारा हात माझा असतो.

२०१७ पासून पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकसाठी मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं हे दाखवणारी चाचणी सक्तीची झाली. पण त्याआधी परवाना मिळालेली ढीगभर औषधं आजही बाजारात आहेत. २०२४ मध्ये नागपूरच्या बाजूला सरकारी हॉस्पिटलांना पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिकचं प्रकरण उघडं पडलं, गोळीत औषधच नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची पोरं खोकल्याच्या सिरपने गेली, त्यातली कित्येक उपचाराला नागपुरातच आणलेली होती. सिरप तामिळनाडूत बनलं होतं आणि तामिळनाडूच्याच सरकारी प्रयोगशाळेने त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल शोधून काढलं. निम्मी बाटली विष. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेली प्रत्येक आई बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होती. वाचून कळणार काय? बाटलीवर 'मध, तुळस' असं छापलेलं असतं.

त्याच तामिळनाडूची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९४ मध्ये त्यांनी सरकारी खरेदीसाठी वेगळी कंपनी काढली, तामिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. प्रत्येक हॉस्पिटलला बँकेसारखं पासबुक, त्यात वर्षाची रक्कम, हवं ते औषध हवं तेव्हा उचला, नोंद होत जाईल. माल आला की नमुन्यावरचं कंपनीचं नाव झाकून तो प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट चांगला आला तरच खोकी पुढे सरकतात. राजस्थानने तीच वाट धरून २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना सुरू केली. यात ॲप नाही, एआय नाही. गोदाम, वही आणि प्रयोगशाळा. 'इनोव्हेशन' म्हणून कुठल्या व्यासपीठावर दाखवता येणार नाही, पण काम करतं.

आपण काय केलं? २०१७ मध्ये राज्याची औषध खरेदी हाफकिनकडे दिली. लस बनवणारी संस्था आणि तिच्या गळ्यात औषधं नि मशिनरीच्या निविदा. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. आणलं ते बरं केलं. पण आमच्या ग्रामीण रुग्णालयातून 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी घेऊन येणारी माणसं माझ्याकडे अजून येतातच. निम्मा धंदा त्या चिठ्ठीवर आहे, त्यामुळे मी याबद्दल फार मोठ्याने बोलत नाही.

आता जनऔषधी, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली स्वस्त जेनेरिकची दुकानं. दोन वर्षांपूर्वी माझ्यापासून चार दुकानं सोडून केंद्र उघडलं. पहिल्या महिन्यात मी त्या मुलाशी बोललोही नाही. मग म्हटलं, करून बघू. आईची बीपीची टेल्मिसार्टन तिथून आणली, तिला न सांगता डबी बदलली आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहिलं. काही फरक नाही. आजही ती तीच खाते. केमिस्टची आई शेजारच्या दुकानातली गोळी खाते, हसा. त्या मुलाला छापील किमतीवर २० टक्के मिळतात, तेवढेच मला मोठ्या ब्रँडवर मिळतात, पण त्याची स्ट्रिपच माझ्या पाव किमतीची. त्याचं पोट कसं भरणार? म्हणून मग तोही कोपऱ्यात बाहेरचा माल ठेवतो. आणि तीन औषधं मागितली तर एक 'पुढच्या आठवड्यात' असतं. स्वस्त गोळीचा पुरवठा तुटला की पेशंट परत महाग गोळीकडे जात नाही, मधले दिवस कोरडे काढतो. हे मला बिलाच्या तारखांवरून दिसतं.

तसेच आमचे एक गुरुजी, मधुमेहवाले. एम्पाग्लिफ्लोझिन चालू होती, एक गोळी जवळपास ६० रुपये. तीस गोळ्या दोन महिने पुरवायचे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि त्याच आठवड्यात इतक्या कंपन्या उतरल्या की गोळी दहा रुपयांच्या आत आली. छापील किंमतच खाली आली बरं, माझ्या मर्जीची सूट नाही. का? माझा अंदाज असा की जन्मभराच्या गोळीचा भाव पेशंटला पाठ असतो, तो चार दुकानं विचारतो. पाच दिवसांच्या कॅप्सूलचा भाव कुणी विचारत नाही. तर गुरुजी. मे महिन्यात आले आणि म्हणाले, 'आता रोजच्या रोज दे.'

ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड आहे. स्कॅन केला की कंपनी, बॅच, एक्स्पायरी दिसते. इतक्या दिवसांत माझ्या काउंटरवर एकाच पोराने तो स्कॅन केला, तेही नवा फोन होता म्हणून. त्याच कोडमध्ये त्या बॅचचा तपासणी रिपोर्ट आणि कंपनीने पहिल्यांदा विकला तो भाव टाका, मग बघू किती जण स्कॅन करतात. ९८ च्या स्ट्रिपवर फोन धरला आणि १३ च्या आतला आकडा दिसला, की माझ्याशी काय बोलायचं ते कुणाला शिकवावं लागणार नाही.

तोवर मी एवढंच करतो, विचारणाऱ्याला दोन्ही डबे काउंटरवर ठेवून दाखवतो आणि जेनेरिक ३० ला देतो. धाकट्या भावाला हे पटत नाही. तो म्हणतो, विचारणारे वाढतील. परवा एक आज्जी आल्या, पदराच्या गाठीतले पैसे सोडत म्हणाल्या, 'निम्म्याच दे लेका, पैसं एवढंच हायत.' त्यांनी काही विचारलं नव्हतं. पूर्ण कोर्स बांधून दिला. रविवारी असोसिएशनची मीटिंग आहे.