मेळघाट कोनं राखला?

अकोट-खंडवा रेल्वेचा विषय आमच्या पानठेल्यावर निघाला की चहा दुसऱ्यांदा सांगावाच लागतो. परवा तो संत्रावाल्यानं काढला. हा गडी बगीचे ठेक्यानं घेतो आणि माल उत्तरेला पाठवतो, म्हणून गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज झाली, २०२२ च्या नोव्हेंबरात गाडीही सुरू झाली. पुढं मात्र मेळघाट आडवा आला आणि काम थांबलं, हे त्याचं जुनं दुखणं.

"रूळ का आज टाकून राह्यले होते? धूळघाटातून गाडी जातच होती ना बे इतके वर्षं? हैदराबादहून जयपूरले जानारी मीनाक्षी आपल्या अकोटातून जाये. तवा वाघ नव्हते का जंगलात? आताच काहून वाघाले तरास व्हाले लागला?"

गार्डकाका कठड्यावर टेकून बसले होते. वनखात्यात नोकरी गेली, आता पेन्शन आहे आणि तंबाखू आहे. ते म्हणाले, "अरे, थे छोटी गाडी. घाट चढता चढता दम लागे तिले. धूळघाटाजवळ रूळ गोल फिरून सोताच्याच डोक्यावरून जाये, पाह्यलं नाही का तू? मोठी लाइन झाली म्हंजे मालगाड्या रातभर धडाडा चालतीन. अडतीसेक किलोमीटर वाघाच्या घरातून."

"मंग घाला फेरा!" संत्रावाला उसळला. "हिवरखेड, सोनाळा, जामोद! तीसेक किलोमीटर जास्त. डिझेलचा पैसा वाघ देनार का?"

फेऱ्याची गोष्ट खरी आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं केंद्राला कळवलं की व्याघ्र प्रकल्पातून ब्रॉडगेज नको, बाहेरून न्या. त्यानंतर बुलडाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या वळणाचा आराखडा पुढं आला. जामोदकडच्या माणसाला विचारलं तर तो या फेऱ्याला लॉटरी म्हणेल. तिथं आजवर रेल्वे पाहायची तर नांदुरा-शेगावला जावं लागायचं. पण आमच्या ठेल्यावर जामोदचं कोणी बसत नाही, त्यामुळं ती बाजू कोणी लढवली नाही.

"इंग्रजांनं टाकलेली लाइन, अन् आपल्याले थे सांभाळता येत नाही," असं संत्रावाला पुटपुटला आणि मास्तरांच्या तावडीत सापडला. मास्तर इतिहासाचे, चुकीचं साल ऐकलं की त्यांचा चहा निवतो.

"इंग्रजांनं नाही बाप्पा. पूर्णा-हिंगोली निजामाच्या काळातली. हिंगोलीपासून अकोला, अकोट, खंडवा हे लाइन स्वातंत्र्यानंतर टाकली. म्हंजे मेळघाटातून रेल्वे आपल्याच सरकारनं नेली, अन् आता आपलंच सरकार काढून राह्यलं. पन गंमत त्याच्या मागची आहे. हे जंगल राखीव झालं थे कायच्यासाठी, सांग बरं?"

"वाघासाठी," पानवाला कात लावता लावता म्हणाला.

"तवा वाघ मारल्यावर बक्षीस भेटे लेका! जंगल राखलं सागासाठी."

मग मास्तर सुरू झाले. गाविलगड किल्ला डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या वेलस्लीनं घेतला, दोनच दिवसांत देवगावचा तह झाला, वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडं गेलं. डोंगर आणि किल्ले तेवढे आणखी काही वर्षं नागपूरकरांकडं राहिले. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यांना हवा होता इथला कापूस. कापूस मुंबईला न्यायचा तर रेल्वे पाहिजे. बडनेऱ्यावरून ती १८६७ मध्ये नागपूरला पोचलीसुद्धा. रुळाखाली स्लीपर लागतात आणि स्लीपरला न किडणारं लाकूड. देशातला पहिला वनकायदा १८६५ चा, त्याहून कडक दुसरा १८७८ चा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असल्यामुळं इथली कायद्याची वाट जरा वेगळी होती, पण मेळघाटचा उत्तम साग त्याच सुमारास सरकारी राखणीत गेला. मेळघाटचा एकेक साग रुळाखालीच गेला असं मास्तरही म्हणत नाहीत. पण तेव्हाच्या सरकारला जंगलाची किंमत कळली ती स्लीपर आणि इमारती लाकडाच्या हिशोबात, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

"म्हंजे रेल्वेसाठी जंगल राखलं," संत्रावाल्यानं लगेच दोरी पकडली, "अन् आता जंगलासाठी रेल्वे हाकलली! मंग पह्यला हक्क कोनाचा?"

यावर सगळे हसले. ऑटोवाला हसला नाही.

ऑटोवाला कोरकू आहे. त्याचं गाव वर डोंगरात होतं. पुनर्वसनात खाली मैदानात आलं. तो आमच्यात बसतो, वऱ्हाडी आमच्यासारखीच बोलतो, पण या विषयावर सहसा गप्प असतो. तो म्हणाला, "पह्यल्या हक्काचं बोलता त मले सांगा, आमचं गाव तिथं कोनं बसवलं?"

गार्डकाकांनी तंबाखू थुंकली. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कोरकू सातपुड्यात किती जुने आहेत हे वेगळं सांगायला नको. डोंगरउतारावर झाडोरा जाळून ते फिरती शेती करत. राखीव जंगलात ती बंद झाली. पण साग तोडायला, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) साफ करायला, उन्हाळ्याआधी वणवा अडवायची जाळरेषा काढायला, रस्ते बांधायला माणसं तर हवीतच. मग खात्यानं राखीव जंगलातच वनग्रामं वसवली. कसायला तुकडा जमीन, घर बांधायला लाकूड, आणि त्या बदल्यात खात्याच्या कामावर हजर राहायचं. जमीन नावावर नाही. पुढं जंगल कामगार सोसायट्या आल्या, मजुरी रोख मिळू लागली. परतवाड्याच्या लाकूडबाजारात मेळघाटचा साग लिलावाला लागे आणि व्यापारी लांबून येत. त्या प्रत्येक ओंडक्यावर कोणाच्या तरी आज्याची कुऱ्हाड चाललेली होती.

"आज्या मजूर, बाप मजूर," ऑटोवाला म्हणाला. "कूप चालू व्हते तवा आमी पायजे होतो. कूप बंद झाले अन् आमी वाघाले आडवे आलो."

"तसं नाही रे बाबू," गार्डकाका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मी काय म्हनतो थे पन ऐक. सत्तरच्या सालात मेळघाट जसा तुटून राह्यला होता, तसाच तुटत राह्यला असता त आज काय असतं तिथं?"

त्यांची बाजू हलकी नाही. व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये आला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, महाराष्ट्रातला एकटा. गाभ्यातली तोड थांबली. पुढं गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. आज गाभा आणि बफर मिळून प्रकल्प २,७६८ चौरस किलोमीटरांवर आहे. रानपिंगळा हे घुबड देशातून गेलं असं शंभरावर वर्षं समजत होते. ते १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा दिसलं, आणि मग मेळघाटात तर त्याची चांगली वस्तीच निघाली.

पण काकांनी वाघ-घुबड बाजूला ठेवले आणि पाण्यावर आले, आणि वादाला खरं वजन तिथं आलं.

"तू नळाचं पानी कोठचं पेतं?" त्यांनी संत्रावाल्याला विचारलं.

"वानचं."

"वान कोठून येते?"

संत्रावाला गप्प.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. गाविलगडचा डोंगर पूर्व-पश्चिम आडवा पडलेला, वैराट हे त्याचं टोक ११७८ मीटर, आणि पायथ्याला आमचं काळं रान जेमतेम तीनशे मीटरवर. डोंगराच्या पलीकडं खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार उत्तरेला तापीत जातात. अलीकडं वान, शहानूर, चंद्रभागा या नद्या कडेकपाऱ्या उतरून पूर्णेत येतात, आणि पूर्णा पुढं चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे कोणत्याही उतारावर पाऊस पडो, समुद्राला लागतो तो तापीच्याच नावानं. खडक सगळा काळा पत्थर, माती पातळ, उतार तीव्र. झाडोरा नसेल तर चिखलदऱ्याला झोडपणारा पाऊस दोन दिवसांत वाहून जाईल. आताही मार्च लागला की नाले आटतात, सागाची पानं गळून डोंगर राखाडी होतो आणि जनावरं डोहांवर गोळा होतात. सेमाडोहकडं उन्हाळ्यात जाऊन आलेल्याला हे सांगायला नको.

आणि खाली आमचं काय, तर खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहीर खोदा, बोअर मारा, पाणी खारं. प्यायला जमत नाही, ओलिताला दिलं तर जमीन बिघडते. म्हणून वारी भैरवगडाजवळ वानवर धरण झालं, शहानूरवर झालं, आणि त्यातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना नळ आले. चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना तर या भागात पोरालाही माहीत आहे. वऱ्हाडातला कापूसवाला जंगलाला 'वाघाचं' म्हणतो आणि सकाळी त्याच जंगलाचं पाणी तांब्यात घेतो.

"मंग राखलं का नाही सरकारनं?" काका म्हणाले.

"राखलं ना," ऑटोवाला म्हणाला. "पानी तुमच्या नळाले आलं, आमी खाली आलो. मले एवढंच म्हनाचं आहे, की बिल आमच्याच नावावर काहून फाडलं?"

पुनर्वसनाचं गणित त्यानं थोडक्यात सांगितलं. बोरी, कोहा, कुंड ही पहिली गावं उठली, मग इतर. एका कुटुंबाला दहा लाख, २०२१ नंतर पंधरा. ज्यानं पैसे घेतले त्याच्या हाती रोख आली, मोटरसायकल आली, काहींची शेती जमली, काहींचे पैसे लग्नात आणि दवाखान्यात गेले. डिंक, मोहा, चारोळी मात्र पैशात आले नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये मागण्या राहिल्या म्हणून काही पुनर्वसित गावांतले लोक परत जंगलात गेले, वनखात्याच्या माणसांशी झटापट झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. गार्डकाकांच्या ओळखीचे त्यात होते, ऑटोवाल्याचेही. त्यावर दोघंही जास्त बोलले नाहीत, आम्हीही उकरलं नाही.

माझं मत असं आहे. सरकारनं मेळघाट राखला हे खरं, पण दर पन्नास-साठ वर्षांनी गिऱ्हाईक बदलून राखला. आधी स्लीपर, मग लिलाव, मग वाघ, आता वाघ पाहायला येणारी जिप्सी. आत राहणारा माणूस यातल्या एकाही यादीत गिऱ्हाईक म्हणून नव्हता; तो कायम मजूर किंवा अडथळा. रेल्वे बाहेरून नेणं मला योग्य वाटतं, संत्रावाल्यानं तोंड वाकडं केलं तरी. पण वाघासाठी तीस किलोमीटरचा फेरा परवडणाऱ्या देशाला कोरकूसाठी सातबारा महाग का पडतो, हे मला कळत नाही.

मास्तरांनी मध्येच पायविहीर काढलं. अचलपूर तालुक्यातलं डोंगरपायथ्याचं हे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्याला सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल तेव्हा बोडखं होतं. लोकांनी चराई-तोड आवरली, झाडं लावली, सीताफळं स्वतः विकायला काढली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही आला.

"सीताफळ चांगलं राह्यते तिकडचं," संत्रावाला म्हणाला. माल म्हटला की त्याचा राग जातो.

"पन १९३ हेक्टर कुठं अन् पावनेतीन हजार चौरस किलोमीटर कुठं?" काका म्हणाले. "पाय पुसाच्या फडक्यानं आंगन झाकाले निंगाला तू मास्तर. अन् थे जंगल पायथ्याचं. गाभ्यात असं करून पाह्य, वाघ राह्यते का?"

"पाह्यलंच कोनं?" ऑटोवाला म्हणाला. "देल्यावर पाह्यता येईन ना."

काका थोडा वेळ चुना मळत राहिले. मग म्हणाले, "वनहक्काच्या दाव्याले पुरावा लागते. तुहा आज्या खात्याच्या कामावर व्हता ना? मंग जुन्या मस्टरवर नाव असन. वनग्रामाचं रजिस्टरबी राहे. आधी ग्रामसभेत घे, मंग रेंज ऑफिसात नक्कल माग. अर्ज कसा लिहाचा थे मी सांगतो, पन माहं नाव नको घेऊ लेका, पेन्शन आहे माही."

"नाव कायले घेऊ काका? कागद तुमच्या खात्याचाच आहे."

संत्रावाल्यानं मास्तरांकडं पेन मागितला आणि ऑटोवाल्याच्या हातात दिला.