खुलासा: जपानी पार्टिशनचा कागद तांदळाचा नसतो

घरसजावटीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'जपानी पद्धतीच्या घडीच्या पार्टिशनला तांदळाचा कागद असतो, त्याला मुंग्या-झुरळं लागतात, घरात आणू नका.' यातली मूळ गोष्टच चुकीची आहे.

पारंपरिक जपानी कागद, म्हणजे वाशी, मुख्यतः कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीपासून बनतो. साल उकळायची, धुवायची, कुटायची आणि पाण्यात पसरलेले तंतू चाळणीवर धरायचे. २०१४ साली युनेस्कोने वारसा यादीत घेतलेल्या तिन्ही वाशी-परंपरा कोझोच्याच आहेत. असा कागद उजेडासमोर धरला की एकमेकांत गुंतलेले लांब तंतू स्पष्ट दिसतात. तांदळात असे तंतू नसतातच.

तांदळाचा संबंध आलाच तर खळीपुरता. लाकडी चौकटीवर कागद चिकटवायला तांदळाची किंवा गव्हाची खळ वापरतात. ती पाण्याने सुटते, म्हणून ओलं फडकं नको, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. कसर मात्र दमट जागी कुठल्याही कागदाला लागते, कपाटातल्या पुस्तकांनाही. पावसाळ्यात पार्टिशन ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, एवढं पुरे.

आणि स्वस्तातल्या पार्टिशनला अनेकदा वाशी नसतोच, साधा लगद्याचा कागद किंवा प्लास्टिकची शीट असते. घेताना दुकानदाराला जरूर विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.