कोरियाच्या इंग्लिश कॅम्पचा फॉरवर्ड: क्रमच उलटा लावलाय राव

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा तर काकांनी खाली "विचार करायला लावणारं" असंही लिहिलं, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: युद्धानंतर भिकेला लागलेल्या कोरियात अमेरिकेने मुलांसाठी इंग्लिश कॅम्प काढले, मग शाळा इंग्रजी झाल्या, सरकार हे सगळं फुकट देतं, एका पिढीत पोरं फाडफाड इंग्रजी बोलायला लागली आणि म्हणून सॅमसंग-ह्युंदाई उभ्या राहिल्या. आणि शेवटी अर्थातच, मराठी शाळा बंद करा.

"युद्धानंतर अमेरिकेने कॅम्प काढले"

नाही. युद्ध थांबलं 1953 ला. मुलं राहायला जातात तसलं पहिलं मोठं सरकारी 'इंग्लिश गाव' सोलजवळच्या आनसान शहरात निघालं 2004 मध्ये, म्हणजे मध्ये पन्नास वर्षं गेली. आणि ते काढलं ग्यॉन्गी प्रांताच्या सरकारने, अमेरिकेने नाही. त्याच वर्षाच्या शेवटी सोलने स्वतःचं काढलं, 2006 ला पाजूचं आलं, ते सगळ्यात गाजलेलं.

आता अमेरिकेचा काहीच संबंध नाही असंही म्हणणार नाही. 1945 ते 48 दक्षिणेत अमेरिकन लष्कराचं राज्य होतं, त्या काळापुरती इंग्रजी अधिकृत भाषा केली होती, आणि ज्याला दुभाष्याचं काम जमायचं त्याचं वजन एकदम वाढलं. इंग्रजी आली की खुर्ची मिळते हे लोकांच्या डोक्यात तेव्हा अजून पक्कं बसलं. पण त्याला कॅम्प म्हणत नाहीत.

"इंग्रजीमुळे कंपन्या उभ्या राहिल्या"

इथे तर गाडीच बैलांच्या पुढे जोडलीय. पोहांगच्या कारखान्यातून पोलाद निघालं 1973 ला, ह्युंदाईची पोनी गाडी 1975 ला, सोल ऑलिंपिक 1988, श्रीमंत देशांच्या ओईसीडी क्लबात प्रवेश 1996. आणि प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सक्तीची झाली कधी, तर 1997 ला! त्याआधी मिडल स्कूलपासून इंग्रजी विषय होता, तोही बराचसा व्याकरण आणि परीक्षा टाइप. म्हणजे आधी देश कोरियन भाषेत शिकून पैसेवाला झाला, मग त्या पैशातून पोरांसाठी इंग्रजी विकत घ्यायला निघाला.

मग कॅम्प का निघाले, हा खरा इंटरेस्टिंग भाग आहे आणि फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ताच नाही. नव्वदच्या दशकात किम यंग-सॅम सरकारने 'सेग्येह्वा' म्हणजे जागतिकीकरणाचा नारा दिला, मग 1997 चं आर्थिक संकट आलं, नोकऱ्या गेल्या, आणि नोकरी देताना टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क बघायची पद्धत अजून घट्ट झाली. आईबापांना धडकी भरली. ज्यांना परवडत होतं ते पोरांना थेट अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंडला पाठवायला लागले, आई पोरांबरोबर तिकडे आणि बाप सोलमध्ये एकटा पैसे पाठवत बसलेला. अशा बापाला तिथे 'गिरोगी आप्पा' म्हणतात, गिरोगी म्हणजे रानहंस, आणि आप्पा म्हणजे बाबाच (हो, आपल्या आप्पांसारखंच ऐकू येतं). 2006 या एका वर्षात जवळपास 29,500 शाळकरी मुलं अशी बाहेर गेली. घरं तुटायला लागली, पैसा देशाबाहेर चालला, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांची मुलं मागे. तर परदेश इथेच बांधून देऊ, ही इंग्लिश गावाची आयडिया.

आणि खरंच बांधलं हो. पाजू उत्तर कोरियाच्या हद्दीजवळ, तिथे शिरताना मुलांना विमानतळासारखं इमिग्रेशन काउंटर, मग आत बँक, पोस्ट, दुकानं, सगळीकडे परदेशी शिक्षक आणि सगळे व्यवहार इंग्रजीत. शाळेची मुलं आठवडाभर राहायला यायची, सुट्टीत जास्त दिवसांचे कॅम्प. आठवड्यात काय भाषा येणार म्हणा, पण भीती मोडावी हा हेतू होता आणि तेवढा मला तरी बरा वाटतो.

"शाळा इंग्रजी झाल्या"

साफ खोटं. तिथली गणित, विज्ञान, इतिहास सगळी पुस्तकं आजही कोरियनमध्ये आहेत. 2007 च्या शेवटी ली म्युंग-बाक राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर त्यांच्या सत्तांतर समितीने 2008 च्या सुरुवातीला इतर विषयही इंग्रजीत शिकवायची कल्पना सोडून बघितली होती. त्या समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की अमेरिकेत ऑरेंजला कोरियन पद्धतीने 'ओरेंजी' म्हटलं तर कुणाला कळेना, 'ओरिन्जी' म्हटल्यावर कळलं, तेव्हा इंग्रजी शब्द कोरियन लिपीत लिहायचे नियमच बदलूया. लोकांनी इतकी खिल्ली उडवली की विचारू नका, आणि ती इंग्रजी माध्यमाची कल्पना काही आठवड्यांत गुंडाळली. पुढे 2018 मध्ये तर पहिली-दुसरीच्या मुलांना शाळा सुटल्यावरचे इंग्रजी वर्गसुद्धा बंद केले होते, पालक चिडले म्हणून 2019 ला परत सुरू केले.

"सरकार फुकट देतं"

सरकारी गावांची फी कमी होती, गरिबांसाठी जागा होत्या, हे खरं. पण बाकी सगळा धंदा खासगी क्लासचा, त्याला तिथे हागवॉन म्हणतात. 2023 ला शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर तिथल्या पालकांनी अंदाजे 27 लाख कोटी वॉन घातले, आपल्याकडचे साधारण पावणेदोन लाख कोटी रुपये, आणि विषयवार बघितलं तर दरडोई सगळ्यात जास्त खर्च इंग्रजीवर. हिवाळी सुट्टीत पोरं फिलिपिन्सला सेबू, बागिओला कॅम्पला जातात, ते अमेरिकेपेक्षा स्वस्त पडतं म्हणून. फुकट म्हणे.

"एका पिढीत फाडफाड"

सोलमध्ये टॅक्सीत बसून बघा एकदा. उलट ही गावंच तोट्यात गेली, आनसानचं 2012 मध्ये बंद पडलं, काही ठिकाणी चालवायला खासगी संस्था आणाव्या लागल्या, आणि पाजूच्या त्या युरोपियन दिसणाऱ्या गल्ल्या सिरियलच्या शूटिंगला जास्त कामी आल्या.

काकांसाठी अजून एक गंमत. या कॅम्पमध्ये शिकवायच्या व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एवढ्याच सात देशांचे लोक चालायचे. 2010 ला भारताशी व्यापार करार लागू झाला तेव्हा आपल्याकडच्या पात्र इंग्रजी शिक्षकांनाही दार उघडलं, पण सहायक शिक्षक म्हणून. तेव्हा मराठी शाळा बंद करून पोराला जन्मभर इंग्रजीत शिकवलं तरी त्या कॅम्पवाल्यांच्या यादीत तो नेटिव्ह धरला जात नाही, सातच्या बाहेरचाच राहतो.