"लिस्बनमध्ये बसून पुण्याचा पगार, टॅक्स झीरो": त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

गेल्या महिन्याभरात हा एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवलाय, दोन जुने कलीग, शाळेतली मैत्रीण, आत्येभाऊ, आणि परवा तर सख्ख्या भाच्याने. "मावशी, तू तिथेच आहेस ना, हे खरंय का सांग, मी दिवाळीनंतर निघायचं म्हणतोय." मेसेज साधारण असा आहे: लिस्बनला शिफ्ट व्हा, इंडियन कंपनीचा जॉब तसाच ठेवा, डिजिटल नोमॅड व्हिसा आरामात मिळतो, टॅक्स झीरो, मुंबईपेक्षा कमी भाड्यात समुद्राजवळ फ्लॅट, टाइमझोन सोयीचा, इंग्लिशवर सगळं भागतं, एका व्हिसावर अख्खा युरोप, वर्षाला 300 दिवस ऊन आणि 5 वर्षांत पासपोर्ट. खाली पिवळ्या ट्रामचा फोटो.

मी 2023 च्या सुरुवातीला याच व्हिसावर इथे आले, ग्रासा भागात राहते, लंडनच्या एका क्लायंटचं बॅकएंडचं काम घरून करते. मला हे शहर मनापासून आवडतं आणि इथे येऊच नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण भाचा पुण्यातला फ्लॅट सोडून पर्सनल लोन काढायला निघालाय, आणि तो एकटा नसणार, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"व्हिसा आरामात मिळतो." हा व्हिसा, म्हणजे डी-एट, बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम पोर्तुगालमध्ये बसून करणाऱ्यांसाठीचा, 30 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाला आणि त्याची मुख्य अट आहे पगार, इथल्या किमान वेतनाच्या चौपट. किमान वेतन 2025 मध्ये 870 युरो होतं, म्हणजे महिन्याला 3480 युरो दाखवायचे, आणि 2026 मध्ये ते 920 झालं म्हणजे 3680. रुपयात साडेतीन लाखांच्या वर, आणि हे दर महिन्याचं, गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीने. वर्षाच्या पॅकेजचा आकडा डोक्यात धरून लोक वाचतात आणि "अरे बसतंय की" म्हणतात, आधी नीट भागाकार करा. ज्यांचं बसतं त्यांना व्हिसा मिळतो, त्यात काही लपवाछपवी नाही, पण मेसेजमध्ये हा आकडाच नाहीये आणि निम्म्याहून जास्त वाचणाऱ्यांचा प्रश्न तिथेच संपतो.

"इंडियन कंपनीचा जॉब तसाच ठेवा." सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं की हा माणूस पोर्तुगालमधून काम करणार आहे आणि आमची त्याला परवानगी आहे. वर्क फ्रॉम होमची पॉलिसी वेगळी आणि हे पत्र वेगळं. मी पुण्याच्या ज्या कंपनीत होते तिथे मॅनेजर हो म्हणाला, त्याचा मॅनेजर हो म्हणाला, आणि एचआरने दोन महिने फाइल फिरवून नाही सांगितलं. तेव्हा मला फार राग आला होता, पण नंतर कारणं समजली. एखादा एम्प्लॉयी कायमचा दुसऱ्या देशात बसून काम करायला लागला की त्या देशाला वाटू शकतं की कंपनीचाच इथे धंदा आहे, मग कंपनीवर तिथला टॅक्स, तिथले सोशल सिक्युरिटीचे नियम, तिथला कामगार कायदा, सगळं अंगावर येऊ शकतं. वर बँकेचं किंवा हॉस्पिटलचं काम असेल तर क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असतं की डेटा कुठल्या देशातून उघडायचा. मी शेवटी नोकरी सोडली, आठ महिने घालवून लंडनचा क्लायंट मिळवला, आणि मग अर्ज केला. म्हणजे "जॉब तसाच" राहिला नाही. माझ्या ओळखीत इथे जे आपले लोक या व्हिसावर आहेत त्यातले बरेच जण असेच कॉन्ट्रॅक्टवर आहेत, ज्यात पीएफ नाही, पेड लीव्ह नाही आणि क्लायंटने महिन्याची नोटीस दिली की विषय संपला. काही जण कंपनीला न सांगता येतात, व्हीपीएन लावून. कृपा करून हे करू नका, नोकरी तर जातेच आणि हातात पत्र नसल्यामुळे इथल्या रेसिडेन्स परमिटच्या कागदांचंही काही खरं राहत नाही.

"टॅक्स झीरो." हे आज खरं नाही आणि जसं सांगतात तसं आधीही नव्हतं. एनएचआर नावाची एक सवलत होती, 10 वर्षांसाठी, त्यात ठरावीक कामांवर, आयटी त्यात यायचं, सरसकट 20 टक्के टॅक्स लागायचा, आणि परदेशातून येणारं डिव्हिडंडसारखं काही उत्पन्न अटींवर माफ असायचं. त्या "माफ"चं फिरत फिरत "झीरो" झालं. मी 2023 मध्ये आले म्हणून मला ती मिळाली, हे मोकळेपणाने सांगते, त्यामुळे माझे आकडे बघून तुम्ही गणित मांडू नका. 2024 च्या सुरुवातीपासून ती योजना नव्या लोकांसाठी बंद झाली, आधीच तयारीत असलेल्यांना थोडी मुदत होती तीही संपली. नवी योजना आली ती संशोधन आणि ठरावीक कंपन्यांमधल्या कामांसाठी आहे, घरून परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्याला ती सहसा लागू होत नाही.

मग काय लागतं? वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट. पगार पुण्याच्या बँकेत जमा होतोय याला काही अर्थ नाही, काम जिथे बसून केलं तिथला टॅक्स आधी. भारत आणि पोर्तुगालचा करार आहे त्यामुळे एकाच पैशावर दोन्हीकडे पूर्ण टॅक्स बसत नाही, पण म्हणून कुठेच बसत नाही असं नाही. स्लॅब आपल्यासारखेच चढते आहेत, सगळ्यात वरचा 48 टक्के. फ्रीलान्सर असाल तर साध्या पद्धतीत सर्व्हिसच्या कमाईचा 75 टक्के भाग टॅक्सेबल धरतात, आणि पहिलं वर्ष सोडलं की सोशल सिक्युरिटी वेगळी, कमाईच्या 70 टक्क्यांवर 21.4 टक्के, म्हणजे शंभर युरोतले पंधरा तिथेच गेले. भाच्याला मी हे कागदावर मांडून पाठवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मग लोक येतात कशाला?" येतात, कारण बऱ्याच जणांना पैसे उरवायचे नसतात, वेगळं जगायचं असतं, आणि ते कारण चांगलंच आहे, फक्त लोन काढून येणाऱ्याला ते परवडत नाही.

"मुंबईपेक्षा कमी भाड्यात समुद्राजवळ फ्लॅट." आधी समुद्राचं सांगते, लिस्बनच्या काठाला आहे ती तेजो नदी, मोठी खाडीसारखी, सुंदर आहे, पण समुद्रात पाय बुडवायला काइश दु सुद्रे स्टेशनहून कश्काइश गावाची लोकल पकडून साधारण 40 मिनिटं जावं लागतं. आता भाडं. इथे आपल्या 1बीएचकेला टी-वन म्हणतात, माझा टी-वन 2023 मध्ये 1150 युरोला मिळाला, चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि तो मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्यात इथला जामीनदार मागतात, तो आपल्याकडे कुठून असणार, मग त्याऐवजी काही मालक सहा-सहा महिन्यांचं भाडं आधी मागतात, जे कायद्याने मागायचं नसतं पण घर हवं असलेला माणूस देतो. आणि ॲग्रीमेंट टॅक्स ऑफिसला रजिस्टर करून घ्या, त्याशिवाय पैसे देऊ नका. बिनकागदाचं घर शे-दीडशे युरो स्वस्त मिळतं पण पत्ता सिद्ध करायची वेळ आली की तुमच्या हातात काहीच नसतं.

आणि थंडी! "300 दिवस ऊन" हा मुद्दा इथेच संपवते. उन्हाळा छानच असतो. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस, आणि जुन्या घरांना हीटिंग नाही, खिडक्यांना एकच काच. बाहेर 10 डिग्री आणि घरात 14, असं मी स्वतः पाहिलंय, दोन स्वेटर आणि टोपी घालून कॉलवर बसायचं. पहिल्या जानेवारीत क्लायंटला डेमो देत होते, पायाशी ऑइल हीटर चालू होता, चहासाठी केटल लावली आणि खटकन सगळं घर अंधारात, राउटरसकट. इथे वीज घेतानाच किती लोड हवा ते ठरवून घ्यावं लागतं, माझ्या घराला 3.45 केव्हीए होता, त्यात हीटर, केटल आणि इंडक्शन एकत्र चालत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच महिन्यात कपाट जरा पुढे ओढलं तर मागची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळी, बुरशी, आणि आईने दिलेल्या इरकलीला कोकणात आषाढात कपड्यांना येतो तसा कुबट वास. काठावर बारीक ठिपके आलेत ते अजून गेले नाहीत. आता डिह्युमिडिफायर आहे, रोज त्याची टाकी भरते आणि मी सिंकमध्ये ओतते. घर बघायला जाल तेव्हा कपाटामागे हात घालून भिंत चाचपा, एजंट काही म्हणू दे.

"टाइमझोन सोयीचा." लंडनसाठी सोयीचा, कारण लंडन आणि लिस्बनचं घड्याळ एकच. पुण्यासाठी हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, म्हणजे टीमचा दहाचा स्टँडअप, रोजची छोटी मीटिंग, इथे हिवाळ्यात पहाटे साडेचारला. माझी फ्लॅटमेट नागपूरची, दीड वर्ष सव्वाचारचा गजर लावून उठली. दुपारी तिला सुट्टी असायची हे खरं, पण ती दुपार झोपेतच जायची.

"इंग्लिशवर सगळं भागतं." कॅफेत भागतं. टॅक्स ऑफिसचं पत्र, विजेचं बिल, सोसायटीच्या मीटिंगची नोटीस, सरकारी दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, हे सगळं पोर्तुगीजमध्ये. बटाटा, पाव, साबण, चावी, अननस, पगार हे शब्द आपल्याकडे त्यांच्याकडूनच आलेत, बाजारात "बटाटा" म्हटलं की बटाटाच मिळतो याचा मला अजूनही आनंद होतो, पण बोलताना ते निम्मे स्वर गिळतात आणि कान तयार व्हायला वर्ष जातं. येण्याआधी सहा महिने तरी शिकायला लागा.

"एका व्हिसावर अख्खा युरोप." फिरायला, आणि तेही बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, 180 दिवसांत 90 दिवस. राहायला आणि काम करायला फक्त पोर्तुगाल.

"5 वर्षांत पासपोर्ट." 5 वर्षांची अट होती. ऑक्टोबर 2025 मध्ये इथल्या संसदेने आपल्यासारख्यांसाठी ती 10 वर्षं करणारा कायदा मंजूर केला, डिसेंबरात घटनात्मक न्यायालयाने त्यातली काही कलमं घटनाबाह्य ठरवली, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंय. त्यात इमिग्रेशनचं नवं खातं, आयमा, ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं तेच साधारण चार लाख पेंडिंग केसेस डोक्यावर घेऊन. पोर्तुगीज भाषेची ए-टू, म्हणजे प्राथमिक, लेव्हल लागते ती वेगळीच. आणि पासपोर्ट मिळाला की भारताचा सोडावा लागतो हे तर मेसेजमध्ये कुठेच नाही. लोक गोव्याच्या लोकांची उदाहरणं देतात, पण त्यांचा हक्क 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आई-वडील, आजी-आजोबांच्या नोंदीवरून येतो, त्याचा या व्हिसाशी काही संबंध नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण मला सांगायचीच आहे. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी याच गल्लीत जन्मल्या, त्यांचे दोन्ही मुलगे भाडं परवडेना म्हणून नदीपलीकडे अल्मादाला गेले. 1 एप्रिल 2023 ला घरांसाठी मोठा मोर्चा निघाला तेव्हा त्या गुडघे दुखत असतानाही गेल्या होत्या. ज्या व्हिसाला किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते त्या व्हिसावर मी त्यांच्या डोक्यावर राहते, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते माहिती आहे.

आणि दुसरं, मार्तीं मोनीजच्या मागे बेनफोर्मोझु रस्त्यावर आपल्याला तूरडाळ, कढीपत्ता, बेसन सगळं मिळतं, दुकानं बहुतेक बांगलादेशी आणि नेपाळी लोकांची. 19 डिसेंबर 2024 ला पोलिसांनी त्याच रस्त्यावर कितीतरी जणांना भिंतीकडे तोंड करून हात वर करून उभं केलं, तो फोटो देशभर गाजला. जानेवारीत हजारो पोर्तुगीज लोक त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले, तेही मी पाहिलं. पण त्या भिंतीपाशी उभं करताना कुणाच्या बॅगेत लॅपटॉप आहे आणि कोण डिलिव्हरीची बाइक चालवतो हे कुणी विचारत नाही, आपण सगळे सारखेच दिसतो. ट्रामच्या फोटोवरून हे कळणार नाही म्हणून लिहिलं.

भाच्याला मी एकच सांगितलंय, लोनचा फॉर्म बाजूला ठेव, पुण्यातलं घर सोडू नको, आधी एचआरला मेल टाक आणि ते पत्र मिळतं का बघ. त्याने परवा मेल टाकला. उत्तर आलेलं नाही अजून.